कमळाची बाजू

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही.

चौतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. अजूनही संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा पोरं पाढे म्हणायला माझ्याकडे येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट सांगतो. पाहिलं तेवढंच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही.

आज तोच नियम मी स्वतःला लावतोय. एकेक अक्षर खरं आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. ही गोष्ट भर दुपारची आहे.

साल १९७२. मार्गशीर्ष महिना. श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून दोन कोसांवरचं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही. ती खोली अजून तिथं आहे आणि आता त्या खोलीत दुसरा संसार नांदतोय.

माझं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. बायको मुक्ता. नगर शहरात वाढलेली. मी तिला ‘अगं’ म्हणायचो, ती मला ‘अहो’. नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. चारचौघांत तर नाहीच नाही. कुणी बायकोला नावानं हाक मारली, की गाव चार दिवस त्यावर हसायचं.

गावात केशरबाई म्हणून एक बागायतदारीण होत्या. त्यांच्या घराला लागून खताची कोठी होती, ती त्यांनी आम्हाला राहायला दिली. सिमेंटची जमीन. एक खिडकी. दोन फळ्यांचं दार. पोती लोटायला सोपं जावं म्हणून दाराला उंबराच बसवलेला नव्हता.

मुक्तानं त्या कोठीचं घर केलं.

तिचा हात वेगळाच होता. लोक ज्याला भंगार म्हणत, त्यात तिला काहीतरी दिसायचं. विहिरी आटल्या तशा मोटा बंद पडल्या होत्या. तिनं मोटेचं एक जुनं चाक आणलं, छताला टांगलं आणि त्यावर कंदील लावला. फाटक्या इरकली लुगड्याचा खिडकीला पडदा केला. तिफणीचं चाडं, म्हणजे पेरताना ज्या लाकडी वाटीतून बी सोडतात ते, भिंतीला ठोकलं. त्यात माझे खडू.

मी शाळेतली पोरं घेऊन यायचो. एकेका वस्तूचं नाव विचारायचो. पोरं ओरडून सांगायची आणि हसायची, की गुरुजींच्या भिंतीला शेत उगवलंय.

केशरबाई दारातून म्हणायच्या, “मास्तरापरीस भंगारवाला नवरा केला असतास तर लई शोभला असता.”

मुक्ता म्हणायची, “भंगारवाला विकतो, मावशी. मला ठेवायचं असतं.”

एकच गोष्ट तिला टोचत होती. दाराला उंबरा नव्हता.

“अहो, बिनउंबऱ्याचं घर म्हणजे धर्मशाळा,” ती म्हणाली. “कुणी आत आलं काय, बाहेर गेलं काय. कळायचं कसं?”

त्या वर्षी काष्टीच्या बाजारात घरं विकायला यायची. खरोखरची घरं. तुळया, दारं, खुंट्या, कणग्या. दुष्काळानं पाथर्डीकडची माणसं घर उतरवायची, लाकूड गाडीत घालायची आणि बाजाराला आणायची.

अशाच एका गाडीपाशी मुक्ता थांबली.

सागवानी उंबरा. चार बोटं जाड. एका बाजूला मधोमध कोरलेलं कमळ. आठ पाकळ्या. हळदी-कुंकवानं लाकूड आतपर्यंत पिवळं-तांबडं झालेलं.

विकणारा कारभारी नावाचा माणूस होता. गाडीत त्याची म्हातारी आई बसली होती, झुंबरबाई. तिनं उंबऱ्यावर हात ठेवला होता.

“ह्यो इकू नगं म्हनलं हुतं,” ती म्हणाली.

“आये, गप बस,” कारभारी म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

मला वाटलं, घर मोडलेल्या म्हातारीला वाईट वाटणारच.

मी तेव्हा विचारायला हवं होतं...

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ सुतार उंबरा बसवायला आला. त्यानं माप घेतलं, लाकूड फिरवलं आणि कमळ बाहेरच्या अंगाला धरलं.

मुक्ता म्हणाली, “दादा, कमळ आत करा.”

“बाई, कमळ बाहीर असतं. आल्या-गेल्याला दिसाया.”

“इथं कोण येतंय बघायला? खताच्या गाड्या? मला आतून दिसू दे. भाकरी करताना समोर.”

सुतारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “बसवा त्या म्हणतात तसं.”

“तुमचं घर, तुमचा उंबरा,” तो म्हणाला आणि त्यानं कमळ आत केलं.

खरंच सांगतो, खोलीला शोभा आली. मुक्तानं पाकळ्यांत हळद भरली. रात्री कंदिलाच्या उजेडात ती दोनदा उठून बघून आली.

तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी दुपारी मी शाळेतून जेवायला आलो. उंबऱ्याच्या आत, कमळाशेजारी, सिमेंटवर एक ओलं वर्तुळ होतं. हंडा टेकल्यावर उमटतं तसं.

“अगं, हंडा इथं कशाला ठेवलास?”

“मी नाही ठेवला. मला वाटलं, तुम्ही.”

आमचा हंडा कोपऱ्यात होता. कोरडा. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि तो दुसरा दिवस होता.

मी वाकून बघितलं. आमच्या हंड्याचं बूड मोठं. हे वर्तुळ लहान होतं...

दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच जागी.

रविवारी मी घरीच होतो. जेवण झालं होतं. मुक्ता पडदा शिवत होती, मी वह्या तपासत होतो. बाहेर वारा नाही. रस्त्यावर माणूस नाही.

आणि खोलीत... आमच्या दोघांच्या मध्ये... हंडा टेकला.

भरलेल्या हंड्याचा आवाज. ज्यानं तो ऐकलाय त्याला तो कळतो. आधी धातूचा, मग पाण्याचा.

त्यामागून एक थकलेला श्वास. “हुश्श...”

मुक्ताची सुई थांबली. माझा टाक थांबला.

उंबऱ्याशी वर्तुळ हळूहळू ओलं होत गेलं. आमच्या डोळ्यांदेखत.

मुक्तानं सुई पुन्हा चालवली, मी पुढची वही घेतली. बोललो असतो तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी मनात होतं.

त्यानंतर चिमण्या यायच्या बंद झाल्या. पाण्याच्या आशेनं खिडकीत रोज दहा-बारा असायच्या. एकही दिसेना. केशरबाईंचं कुत्रं भाकरी टाकली तरी दारापासून दहा हातांवर बसायचं आणि खोलीकडे बघत राहायचं.

मग एके दिवशी केशरबाईंनी मला रस्त्यात गाठलं.

“गुरुजी, पाहुनी कोन आलीया तुमच्यात?”

“कुणी नाही.”

“आवं, दुपारी ताक घेऊन आले हुते. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला बसली हुती. हंडा मांडीशी. तोंड माझ्याकडं.” त्यांनी पदर दातात धरला. “माझ्याकडं अशी बघत हुती गुरुजी... जशी मी घरात हाय आन् ती बाहीर बसलीय. जसं म्या तिला दार उघडावं.”

मी घरी धावलो.

दार सताड उघडं होतं. मुक्ता उंबऱ्याशी, कमळाजवळ बसली होती. आतल्या बाजूला. तोंड बाहेर. मांडीशी आमचा रिकामा हंडा.

“अगं, काय झालं?”

तिनं वर पाहिलं. ओळखीचं काही त्या डोळ्यांत नव्हतं. फक्त तिष्ठत बसलेल्या माणसाचा थकवा होता.

“दार उघडता का?” ती म्हणाली.

“दार उघडंच आहे.”

“लई येळ झाला. दार उघडता का?”

मुक्ता कधी ‘येळ’ म्हणत नसे.

मी तिला धरून चुलीपाशी आणलं. पाणी दिलं. तिनं तांब्या बाजूला ठेवला. “आत गेल्यावर पिईन.”

“तू आतच आहेस.”

ती उठली आणि पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसली.

दोन दिवस तिच्या पोटात अन्न नाही. पाण्याचा थेंब नाही. ओठ फुटले. तालुक्याचे डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, नव्या नवरीला घराची आठवण येते, माहेरी पाठवा. मी बैलगाडी आणली. तिला उचलून गाडीत ठेवलं. गाडी वेशीपर्यंत गेली आणि तिचा श्वास अडकला. माघारी आणली तेव्हा चालू झाला.

तिसरा दिवस निघाला असता, असं मला वाटत नव्हतं.

मी केशरबाईंना तिच्यापाशी बसवलं आणि सायकल काढली. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर पाथर्डीकडची माणसं खडी फोडत होती. कारभारी तिथंच सापडला. मला बघून त्यानं हातोडा खाली ठेवला. काय झालं, ते त्यानं विचारलं नाही.

बोलली झुंबरबाई.

“माझी सून, बायडा. गेल्या साली दिवाळी झाली आन् मुकादमाचा ट्रक आला, ऊसतोडीचा. ती पहाटंच पान्याला गेल्ती. पानी दोन कोसांवर. ‘येते’ म्हनून गेली. ट्रक थांबंना. मुकादम म्हनला, मागनं येईल कुनाबरूबर. म्या म्हनलं, जरा दम धरा...” ती थांबली. “आमी कुलूप लावलं आन् ट्रकात बसलो.”

कारभारी मातीकडे बघत होता.

“चैत्रात माघारी आलो. उंबऱ्याच्या बाहीर हंडा. कोरडा ठाक. शेजारी मातीत बसल्याली खूण. समदं गाव ऊसतोडीला गेल्यालं, इचारायचं कुनाला? हिरी बघितल्या, बारव बघितली. न्हाई घावली. मंग दुपारचं दाराबाहीर हंडा टेकल्याचा आवाज याया लागला. मला दार उघडायची छाती झाली न्हाई. शेवटी ह्यानं घरच उतरिवलं.”

मी माझं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं,

“कमळ कुठल्या अंगाला हाय?”

“आत.”

म्हातारीनं डोळे मिटले.

“गुरुजी, तिची जागा कमळाच्या बाजूला. तुमी कमळ आत केलं. म्हंजी तुमचं घर तिला अंगन झालं. ती तुमच्या घरात बसून दार उघडायची वाट बघतीया. आन् आता तुमच्या मंडळीलाबी शेजारी बसिवलंय.”

“मग मी काय करू?”

“कमळ बाहीर करा. एकडाव दार लावा. मंग उघडा आन् ‘ये’ म्हना. आमी म्हनलं न्हाई, तुमी म्हना. तेवढ्यासाठीच बसलीय. आत आली की निवंल.”

“आणि उंबरा जाळून टाकला तर?”

“मंग त्या बसतील कुठं?”

त्या, म्हणाली ती. माझ्या कानावर ते पडलं होतं. लक्षात आलं नाही.

मी गहिनीनाथला घेऊन घरी पोचलो तेव्हा दोन वाजले असतील. त्यानं उंबरा काढला, फिरवला, पाचरी मारल्या. कमळ बाहेर झालं.

शेवटची पाचर बसली तशी मुक्ता उठली. कुणी सांगितलं नव्हतं. हंडा कमरेवर घेऊन ती उंबरा ओलांडून बाहेर गेली आणि कमळाशेजारी बसली. डाव्या बाजूला. अंग चोरून. उजवीकडे जागा सोडून.

उजवीकडच्या मातीत ओलं वर्तुळ उमटलं...

केशरबाई आणि गहिनीनाथ माझ्याबरोबर आत होते. बाहेर पाऊल टाकायला दोघंही तयार नव्हते.

मी मुक्ताच्या तोंडावर दार लावलं.

आयुष्यात याहून अवघड काम मी केलेलं नाही.

खोलीत अंधार झाला. फळ्यांच्या फटीतून उन्हाची एक रेघ तेवढी आत येत होती. मी दाराला कान लावला.

बाहेर श्वास ऐकू येत होता.

एक नाही. दोन. एकापाठोपाठ एक.

मी कडी काढली. दार उघडलं. ऊन डोळ्यांवर आलं. क्षणभर मला काही दिसलं नाही. जिभेवर तिचं नाव आलं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

पण मागे सुतार उभा होता. केशरबाई उभ्या होत्या.

मी नुसतं म्हणालो, “ये.”

मुक्ता उठली. उजवं पाऊल आत टाकलं. हंडा खाली टेकवला. रिकामा हंडा... पण आवाज भरल्याचा आला. “हुश्श,” ती म्हणाली. मग तांब्यावर तांब्या पाणी प्यायली.

केशरबाई रडायला लागल्या. “आली बया भानावर.” मीही भिंतीला टेकून खाली बसलो.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खोली बघितली. सावकाश. एकेक भिंत. पाहुणीनं बघावी तशी.

“आगं बया,” ती म्हणाली, “चाडं भितीला कशापायी ठोकलंय? पेरनीला लागंल न्हवं.”

तिनं खडू काढून ठेवले आणि चाडं उपसून घेतलं.

केशरबाई हसल्या. गहिनीनाथही हसला. मला हसू आलं नाही.

बाहेर दोघी बसल्या होत्या. आत एकच आली.

हे मला त्याच दिवशी कळलं, असं म्हणणार नाही. दोन-तीन आठवडे लागले. ती चांगली होती. कष्टाळू. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलोची भाकरी तिला अशी जमायची, की केशरबाई शिकायला यायच्या. पण मोटेचं चाक उतरलं. पडद्याचं पुन्हा लुगडं झालं. ज्या वस्तूचं जे मूळ काम, तेच तिनं तिला परत दिलं. सुईत दोरा कसा ओवायचा, ते मात्र तिला शिकवावं लागलं. आणि मुक्तानं माहेराहून मला पोष्टानं पाठवलेली पत्रं होती, ती तिनं उलटी धरली. तिला वाचता येत नव्हतं.

मी तिला अक्षरं शिकवली. पाटीवर. सहा महिने. शिकवणं एवढंच मला येतं.

एके दिवशी ती चुलीपाशी असताना मी दाराशी गेलो. दार लावलं. उघडलं. या वेळी मागे कुणी परकं नव्हतं. मी म्हणालो, “मुक्ता, ये.”

मागून आवाज आला, “आवं, मी तर हितंच हाय.”

बाहेर काही हललं नाही. पुढच्या भाऊबीजेला मुक्ताचा थोरला भाऊ आला. तिनं त्याला ओवाळलं, पोटभर जेवू घातलं. निघताना तो मला एसटीपर्यंत घेऊन गेला. एसटी आली तेव्हा त्यानं हळूच विचारलं,

“भावजी, आमची मुक्ता कुठाय?”

मी त्याची पिशवी वर चढवून दिली. पुन्हा तो कधी आला नाही.

माझ्या सात बदल्या झाल्या. राजूरपासून बेलापूरपर्यंत. प्रत्येक ठिकाणी मी तो उंबरा बरोबर नेला आणि कमळ बाहेर ठेवून बसवला. मास्तर उंबरा घेऊन फिरतो म्हणून लोक हसले. हसू दे. तो मागे ठेवला असता तर ती कुठं बसली असती?

माझ्याबरोबरची बाई एरवी कशालाच नाही म्हणत नाही. पण दर दोन-तीन वर्षांनी एक विषय काढते.

“त्यो उंबरा इकून टाका की. जुना झालाय.”

आता नगरला स्वतःचं घर आहे. तो उंबरा मोठ्या दाराला आहे. दाराबाहेर, कमळाच्या डाव्या हाताला, हातभर जागा आहे. शेजारच्या कोंबड्या सगळ्या अंगणात फिरतात. तिथून मात्र वळसा घालून जातात.

गेल्या आठवड्यात मुलानं घराचं काम काढलं. एकुलता एक. गुणी आहे, मला जपतो.

“बाबा, दाराला ग्रॅनाइट घेऊ,” तो म्हणाला. “हा उंबरा टाकायचा नाही, काळजी करू नका. अँटिक आहे. पॉलिश करून हॉलच्या भिंतीवर लावतो. वरून लाइट सोडू. मस्त दिसेल.”

“लाव की,” आतून ती म्हणाली. “भितीलाच लाव.”

भिंतीवर टांगलेल्या उंबऱ्याला बाहेर नसतं. आतही नसतं. दार नसतं. ते कुणी कधी उघडत नाही.

सोमवारी गवंडी येणार आहेत. तीन दिवस मी मुलाला काय सांगायचं, ते जुळवतोय. चौतीस वर्षं मी लहान पोरांना अवघड गोष्टी सोप्या करून सांगितल्या. ही एक जमत नाही.

कारण बाहेर कोण बसलंय, ते त्याला सांगायचं, तर आत कोण आहे, तेही सांगावं लागेल.

आणि आत आहे ती त्याची आई आहे.